उंचवट्यावर गावरान, खोलगटात रानगुलाब

पोरी, वसमत रस्त्याकडं बांधलेल्या तुझ्या नव्या घरामागं थोडी मोकळी जागा उरलीय आणि तिथं तुला रानगुलाब लावायचेत, असं वहिनी म्हणाली. मला फार बरं वाटलं. मोठाल्या, भरगच्च गुलाबांची हौस पुष्कळांना असते, पण पाच पाकळ्यांच्या साध्या फुलासाठी कुणी जागा राखत नाही. म्हणून सासूबाईंकडून माझ्याकडं जे आलं आणि पुढं परभणीच्या काळ्या मातीनं जे शिकवलं, ते तुझ्यासाठी लिहून ठेवते. सावकाश वाच, घाई करू नकोस. तसंही मृग निघेपर्यंत रोप लावायचं नाही.

पहिली गोष्ट, आपल्या मराठवाड्याच्या रानात गुलाब आपणहून उगवत नाही. बोर उगवते, घाणेरी माजते, बाभूळ तर न बोलावता येते, पण गुलाब नाही. भारतातले बहुतेक रानगुलाब हिमालयातले. तिकडचे लोक ज्याला कुजा म्हणतात तो पांढरा वेलगुलाब झाडांच्या शेंड्यापर्यंत चढतो. मणिपूरच्या डोंगरात जॉर्ज वॅट यांना १८८२ मध्ये एक प्रचंड मोठ्या फुलांचा रानगुलाब दिसला, त्याला रोझा जायगँटिया म्हणतात. दक्षिणेत निलगिरी आणि पळणीच्या उंच डोंगरांत आणखी एक पांढरा आहे. हे सगळे डोंगरातल्या हवेचे. कुणी फोटो दाखवून त्यांची रोपं विकायला आलं तर घेऊ नकोस. आपल्याकडं मे महिन्यात पारा चव्वेचाळीसच्या आसपास फिरतो आणि रात्रीसुद्धा भिंती तापलेल्या असतात. डोंगरातलं झाड तिथं काय करणार? ते बिचारं पहिल्याच उन्हाळ्यात काळं पडतं आणि माणूस स्वतःच्या हाताला दोष देत बसतो.

पण एक रानगुलाब उष्ण सपाटीवरचा आहे. रोझा क्लायनोफिला त्याचं नाव. शास्त्रज्ञांनी १८१७ साली त्याची नोंद केली. बंगाल, बिहार, झारखंड या भागांत नद्यांच्या काठानं आणि दलदलीत तो वाढतो. बांगलादेशातल्या हाओरांमध्ये, म्हणजे पावसाळ्यात समुद्रासारख्या भरणाऱ्या त्या सखल भागात, तो काही महिने पाण्यात बुडून राहतो आणि पाणी ओसरलं की पुन्हा पालवतो. राजस्थानात माउंट अबूलाही आहे. फूल पांढरं, पाच पाकळ्यांचं, मधोमध पिवळ्या केसरांचा गुच्छ. पानांच्या बुडाशी काटे जोडीजोडीनं येतात आणि फुलाच्या देठाशी लव असलेली बारीक पानं असतात. रोप खरं आहे का हे ओळखायला ह्या दोन खुणा ध्यानात ठेव.

कोडाईकनालचे एम. एस. विराराघवन सनदी सेवेतून मुदतीआधी बाहेर पडले आणि त्यांनी पत्नी गिरिजाताईंबरोबर सगळं आयुष्य ह्याच कामाला दिलं. त्यांचं म्हणणं असं, की आपण युरोपातल्या थंडीसाठी तयार झालेले गुलाब उन्हाळी देशात लावतो आणि मग औषधांवर जगवतो. त्यापेक्षा आपल्या मातीतल्या क्लायनोफिला आणि जायगँटियाचं रक्त घेऊन उष्ण हवेचे गुलाब घडवावेत. त्यांनी तसे घडवलेही. मला हा विचार मनापासून पटतो. तुझ्या जागेत एक क्लायनोफिला असावा तो त्यासाठी.

नर्सरीत तो सहजी मिळणार नाही. गुलाब जोपासणाऱ्या मंडळींमध्ये काड्यांची देवाणघेवाण चालते, पुण्या-नागपूरकडं गुलाबाची प्रदर्शनं भरतात, तिथं विचारत राहा. नदीकाठचं झाड कुणी मुळासकट उपटून आणून देतो म्हणाला तर नको म्हण. काडी पुरते.

तो मिळेपर्यंत हात बांधून बसायचं नाही. दुसरा आपला गावरान. जुन्या वाड्यांच्या परसात, देवळाच्या आवारात, दर्ग्याच्या कोपऱ्यात जो गुलाबी, दाट वासाचा, लवकर पाकळ्या गाळणारा गुलाब दिसतो, तो खरा रानटी नाही. बाहेरून आलेल्या जुन्या जातींचीच ही संतती. त्यातल्या एकीला माळी लोक एडवर्ड म्हणतात. पण कुणी खत न घालता, औषध न मारता ही झाडं दुष्काळातून तगली आहेत. आपल्या जिल्ह्यात गुलाबाला रानाच्या वळणानं वाढवायचं तर सुरुवात त्याच्यापासून कर.

आता जागा. तुझा प्लॉट भराव टाकून केलेला आहे. आधी तिथला राडारोडा काढ. सिमेंटचे गोळे, चुन्याची खडी, विटांचे तुकडे, सगळं. आपली माती आधीच चुनखडीची, तिचा सामू आठच्या वर जातो. त्यात बांधकामाचा चुना मिसळला की गुलाबाला लोह उचलता येत नाही. नवी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ही खूण दिसली की समज, भूक नत्राची नाही, लोहाची आहे. युरिया टाकू नकोस. नुसता हिराकस मातीत टाकलास तर चुन्यात अडकून वाया जाईल. मूठभर हिराकस घमेलंभर मुरलेल्या शेणखतात कालव, आठवडाभर झाकून ठेव आणि मग आळ्यात दे. घाई असेल तर लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस आणि एक ग्रॅम सायट्रिक अॅसिड विरघळवून उन्हं उतरल्यावर पानांवर फवार. आणि कृषी विद्यापीठ गावातच आहे ना, तर माती तपासून घे. सामू, क्षारता आणि मुक्त चुना हे तीन आकडे हातात असले की निम्मी चिंता मिटते.

मुख्य गोष्ट सांगते, ही नीट समजून घे. काळ्या मातीत खड्डा करून त्यात भुसभुशीत माती भरण्याची जी रीत सगळे सांगतात, ती आपल्याकडं घातक आहे. भोवतालची चिकण माती पाणी सोडत नाही, म्हणून श्रावणात तो खड्डा विहिरीसारखा भरतो आणि गुलाबाची मुळं आतल्या आत सडतात. वरून झाड कोमेजलेलं दिसतं, माणसाला वाटतं पाणी कमी पडलं, आणि तो आणखी पाणी ओततो. सासूबाई गुलाबासाठी कधी खड्डा खणायच्या नाहीत. जमीन वीतभर उकरायच्या आणि वर हातभर उंच, दोन हात रुंद उंचवटा करायच्या. त्यात दोन वाटे काळी माती, एक वाटा जिंतूरकडचा बारीक मुरूम, एक वाटा कुजलेलं शेणखत किंवा लेंडीखत, वर ओंजळभर निंबोळी पेंड. हा ढीग वैशाखात रचून उन्हात तापू दे. पहिल्या पावसानं तो बसतो, मग वरून थोडी माती चढव. गावरान ह्या उंचवट्यावर लाव.

आणि क्लायनोफिला? त्याला उंचवटा नको. परसात जिथं पावसाचं पाणी साचतं, जिथं काहीच जगत नाही म्हणून तू वैतागलेली असशील, तो खोलगट कोपरा त्याचा. छपराच्या पन्हाळीचं पाणी तिकडं वळव. हे झाड ऊन सोसतं पण कोरड सोसत नाही. पाण्याच्या काठचं आहे, काठ दिलास तर राहील. उन्हाळ्यात त्याच्या बुडाशी एक आतून-बाहेरून कसलाही रंग नसलेलं मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुर आणि रोज भरून झाकण ठेव. पाणी हळूहळू पाझरतं आणि मुळं मडक्याला बिलगतात. फैलावाला सात-आठ फूट सोड. पायवाटेजवळ लावू नकोस, लेकरांच्या हातापायांना काटे ओरबाडतात.

दोघांनाही सकाळचं ऊन हवं, दुपारनंतरचं नको. पश्चिमेला कढीपत्ता किंवा शेवगा असू दे, आणि पहिल्या वर्षी नुसती तुरीची रांग लावलीस तरी आडोसा होतो. पश्चिमेच्या भिंतीला टेकून गुलाब लावू नकोस. त्या भिंतीची धग रात्री नऊ वाजेपर्यंत निघत राहते.

पाण्याबद्दल माझं ऐकच, माय. घरात वाया जाणारं पाणी झाडाला द्यावं हे चांगलंच, पण कुठलं पाणी ते बघावं लागतं. तांदूळ-डाळ धुतलेलं दे. भांड्याचं आणि कपड्याचं साबणाचं देऊ नकोस, त्यातल्या क्षारानं काळी माती चोपण होते, दगडासारखी बसते. पाणी शुद्ध करायच्या यंत्रातून नळीनं बाहेर पडणारं पाणी तर मुळीच नको, त्यात बोअरचे सगळे क्षार दाटून आलेले असतात. कुलरच्या टाकीत तळाशी उरतं त्याचंही तेच; पाणी उडून जातं, मीठ मागं राहतं. एसीतून ठिबकणारं पाणी मात्र निर्मळ असतं, ते बादलीत धरून खुशाल दे.

किती द्यायचं ते माती सांगते. बोट दोन पेरं आत घाल. चिकट ओल लागली तर हात आखडता घे, वाफसा आला की दे. चैत्रापासून मात्र काळ्या मातीला भेगा पडू देऊ नकोस. ह्या भेगा नुसत्या वरवरच्या नसतात, माती आकसताना गुलाबाची बारीक मुळं तटातट तोडते. म्हणून होळीच्या आतच सोयाबीनच्या भुसकटाचं चार बोटं जाड आच्छादन घाल. खोडापासून मात्र ते वीतभर लांब ठेव आणि खाली निंबोळी पेंड पसर, कारण आपल्याकडं कोरड्या भुशात वाळवी लागायला वेळ लागत नाही.

रोप कसलं घ्यायचं? स्वतःच्या मुळावरचं. नर्सरीतलं बहुतेक रोप म्हणजे एका रानटी खुंटावर डोळा भरलेलं कलम. उन्हाळ्यात वरचा डोळा मेला की खालचा खुंट जोरात फुटतो आणि दोन वर्षांनी घरचे म्हणतात, आमचा लाल गुलाब पांढरा झाला. झालेलं काहीच नसतं, लाल केव्हाच गेलेला असतो. तुझ्याकडं अशी झाडं असतील तर जमिनीलगत कापू नकोस. माती बाजूला करून फुटवा जिथून निघालाय तिथून ओरबाडून काढ, नाहीतर एकाचे चार होतात. पानाच्या देठाच्या बुडाशी केसाळ, दातेरी उपपर्णं असली आणि वसंतात पांढऱ्या बारीक फुलांचे घोस आले, तर तो मल्टिफ्लोरा. तोही रानगुलाबच, पण चीन-जपानकडचा, आणि त्याला चुनखडीची जमीन मानवत नाही. कलमच घ्यावं लागलं तर इंडिका ओडोराटाच्या खुंटावरचं माग, तो आपल्या मातीत टिकतो.

पण काडी लावणं एवढं सोपं असताना विकत कशाला घ्यायचं? गावरानाची काडी दोन वेळा लागते, आर्द्रा-पुनर्वसूच्या पावसात किंवा दिवाळी झाल्यावर. फूल येऊन गेलेली, करंगळीहून थोडी बारीक फांदी घे. कोवळा शेंडा टाक. वीतभर काडी, खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली तिरका, वरचा डोळ्याच्या वर सरळ. म्हणजे उलटसुलट होत नाही. दोन भाग मातीत, एक भाग वर. वरची दोन पानं अर्धी कापून ठेव, बाकीची काढ. निम्मी नदीची वाळू, निम्मी माती. पिशव्या पूर्व बाजूला सावलीत. नवं पान फुटलं म्हणजे मूळ आलं असं समजू नकोस, काडी आधी पोटातल्या साठ्यावर फुटते. पिशवीच्या भोकातून पांढरं मूळ दिसेपर्यंत हलवायचं नाही. हा धीर धरणं सगळ्यात अवघड असतं.

लांब फांद्यांच्या रानगुलाबाला दाब कलम बरं. पावसाळ्यात फांदी जमिनीकडं वाकव, मध्ये सालीला तिरकी चीर दे, चिरेत बारीक खडा अडकव, वर माती लोट आणि दगड ठेव. शेंडा मोकळा राहू दे. थंडीपर्यंत मुळं धरतात, मग आईपासून तोड.

छाटणीत मात्र दोघांची गल्लत करू नकोस. गावरानाला हस्ताचा पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरच्या मध्यावर एक छाटणी. छाटणीपासून फूल यायला साधारण दीड महिना लागतो. डिसेंबरच्या मध्याला पुन्हा हलका हात फिरवलास तर फेब्रुवारीच्या सुरुवातीला, परभणीत तुराबुल हक साहेबांचा उरूस भरतो तेव्हा, झाड बहरात असतं. त्या दिवसांत गावात गुलाबाला मागणी किती असते हे तू लहानपणी पाहिलंच आहेस. दर्ग्यावर चादरीसाठी चार ओंजळी आपल्या परसातल्या गेल्या तर चांगलंच.

रानगुलाबाला ऑक्टोबरमध्ये कात्री दाखवायची नाही. तो जुन्या फांदीवर फुलतो. हिवाळ्याआधी छाटलास तर वसंतातली सगळी फुलं तू आधीच कापून टाकलीस असं होतं. त्याचा बहर संपला तरी उन्हाळ्यात थांब, उघडं पडलेलं खोड उन्हानं भाजतं. मृगाचे दोन पाऊस झाले की सगळ्यात जुन्या, करड्या पडलेल्या फांद्या बुडातून काढ, तीनातली एक ह्या हिशेबानं, आणि बाकीच्यांना हात लावू नकोस. त्याला गोल, आटोपशीर आकार द्यायचा मोह होईल. तो त्याचा स्वभाव नाही. वर्षातून एकदाच फुलतो म्हणून नाराजही होऊ नकोस, आपला पळस कुठं दोनदा फुलतो?

किडीरोगांचं फार भय बाळगू नकोस. पहिल्या पावसानंतर रात्री पानांची चाळण होते ती हुमणीच्या भुंगेऱ्यांनी. ते आधी कडुलिंब-बाभळीवर बसतात. रात्री आठ-नऊला बॅटरी घेऊन जा, फांदी हलव, खाली पडतील ते साबणाच्या पाण्यात टाक. आठ-दहा दिवस नेटानं केलंस तर पुढची हुमणी जमिनीतच कमी होते. फांदी शेंड्याकडून काळी पडत खाली यायला लागली तर शेंडेमर. काळ्याच्या खाली दोन बोटं हिरवं घेऊन काप, कात्री स्पिरिटनं पुस, तुकडा जाळ. जुन्या खोडावर तांबूस खवले चिकटले तर फडकं रॉकेलमध्ये न बुडवता स्पिरिटमध्ये बुडवून घासून काढ. जानेवारीत गावरानावर भुरी येते, तेव्हा झाडाला सकाळचं ऊन आणि वारा लागू दे, गर्दी झालेल्या आतल्या काड्या काढ. आणि पानांच्या कडेला कुणी नाण्याएवढे स्वच्छ गोल कापून नेलेले दिसले तर काहीही फवारू नकोस. ती पानं कापणारी मधमाशी आपल्या पिलांचं घर बांधते. झाडाचं काही बिघडत नाही.

औषध मारलं नाहीस तर गुलकंदही होईल. पाकळ्या ऊन चढायच्या आत खुड, धुतल्यास तर फडक्यावर पूर्ण कोरड्या कर, तेवढ्याच वजनाची खडीसाखर कुटून काचेच्या बरणीत थरावर थर दे आणि तीन-चार आठवडे उन्हात ठेवत जा. क्लायनोफिलाच्या पाकळ्या त्यासाठी तोडू नकोस, त्या मधमाश्यांसाठी असू देत.

एक काम मात्र ह्याच पावसाळ्यात कर. परभणीतले, सेलूचे, गंगाखेडच्या गोदाकाठचे जुने वाडे एकेक करून पाडले जात आहेत आणि त्यांच्या परसातले गावरान गुलाब जेसीबीखाली जात आहेत. कुठं पाडकाम निघालं असं कानावर आलं की आधी घरधन्याला विचार आणि काड्या घेऊन ये. एका झाडाच्या दहा काड्या लाव. पिशवीवर गावाचं आणि आळीचं नाव खडूनं नाही, ऑइलपेंटनं लिही, खडू पहिल्या पावसात जातो. जगतील त्यातली दोन तू ठेव, दोन शेजारी दे आणि दोन माझ्याकडं पाठव. माझ्या उंचवट्यावर उत्तरेकडं अजून जागा आहे.